न कापलेली पानं

“आता जे सांगतो ते तुमच्यातला एकही जण खरं मानणार नाही,” लोटन गावीत म्हणाला, आणि प्रार्थनाघरातल्या सगळ्यांनी भिंतीला पाठ टेकून पाय मोकळे केले.

हे वाक्य आलं की मागून काय येतं ते खांडबाऱ्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायांनाही ठाऊक होतं. नेसू नदीतला एक मासा लोटनच्या हाकेला काठावर यायचा आणि तंबाखूची चिमूट घेऊन परत जायचा. लोटनच्या बैलाला सुरतेच्या गाडीची वेळ इतकी पाठ होती की शिट्टी वाजायच्या आधीच तो औत सोडायला उभा राहायचा. एकदा तर लोटननं वाघाला मक्याची भाकर खायला घातली होती, आणि तिच्यात मीठ कमी आहे असं वाघानं तोंड करून सांगितलं होतं. लोक हसायचे, लोटन हसायचा नाही. त्यातच सगळी मजा होती.

पण आजची थाप मजेसाठी नव्हती. आज त्याला थाप हवी होती, बुडत्या माणसाला झाडाची मुळी हवी असते तशी.

कारण समोर, खिडकीखाली, त्याची नात रुपा बसली होती. नंदुरबारला नर्सिंग शिकून आलेली. आईबाप सुरतेला कामावर, ते नाताळात चार दिवस यायचे आणि जायचे. रुपाला लहानाची मोठी लोटननं केली, आणि आता गेली काही वर्षं रुपा लोटनला सांभाळत होती. तळोद्याच्या वर सातपुड्यात एका गावी चर्चच्या मंडळीनं दवाखान्याची खोली बांधली होती. खोली होती, पलंग होता, औषधांचं कपाट होतं. नर्स नव्हती. मागच्या रविवारी पास्टर भावेशनं सगळ्यांसमोर तिला जाशील का असं विचारलं आणि रुपा म्हणाली, “पुढच्या रविवारी पुस्तक माझ्या हातात येईल तेव्हा सांगते.”

तो पुढचा रविवार म्हणजे आज. आणि पुस्तक आत्ता लोटनच्या हातात होतं. रुपा त्याच्या नंतर.

पुस्तकाचं सांगायला हवं. उपासना आटोपली की ही चार-सहा माणसं मागं थांबायची आणि एक पुस्तक वाचायची. विषय एकच: माणसाला पाचारण होतं म्हणजे काय होतं, आणि हाक आल्यावर त्यानं करायचं काय. शिष्य म्हणवून घ्यायचं तर घर सोडावंच लागतं का, की घरात राहूनही शिष्य होता येतं. भावेश नवापूरहून आलेला तरणा पास्टर, त्याला वाटायचं आपण प्रवचन द्यावं. पण रमिलाबाईंनी त्याला पहिल्याच दिवशी गप्प केलं होतं. रमिलाबाई म्हणजे जन्मभर अंगणवाडी चालवलेली बाई. तिच्यापुढं पास्टरही मांडी घालून नीट बसायचा.

“प्रवचन सकाळी झालं,” त्या म्हणाल्या होत्या. “आता पुस्तक बोलेल आणि आपण बोलू.”

पुस्तकाची प्रत एकच, म्हणून रीतही तशीच पडली. पुस्तक हातोहात फिरायचं. ज्याच्या हातात येईल त्यानं थोडं वाचायचं आणि ते आपल्याला काय म्हणालं ते सांगायचं. पुस्तक हातात आहे तोवर त्याला कोणी अडवायचं नाही. आणि वाचन जिथं थांबलं त्या खुणेच्या पुढं, घरी नेऊनसुद्धा, कोणी डोकवायचं नाही. पुढं काय आहे ते सगळ्यांना एकदमच कळलं पाहिजे.

डोकवायचं म्हटलं तरी सोपं नव्हतं. वर डोंगरात एक म्हातारे प्रचारक वारले, त्यांचं घर रिकामं केलं, तेव्हा त्यांची पत्र्याची पेटी गुलाबसिंगच्या जीपमधून खाली आली. त्या पेटीत हे निघालं. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळं पुस्तकाचं नाव काय आणि लिहिणारा कोण, कुणालाच माहीत नाही. आत लहान लहान गोष्टी होत्या, हाक आलेल्या माणसांच्या. छापखान्यात कडा कापायच्या राहून गेल्या असाव्यात, पानं दुमडीला जोडलेलीच होती. आधीच्या कुणी वाचणाऱ्यानं ती सुरीनं फाडत फाडत निम्म्यापर्यंत आणली होती आणि मग सोडून दिली होती. जिथं सोडली तिथं शिंदीच्या पातीचा एक तुकडा ठेवलेला होता. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी आपल्याकडं शिंदीच्याच फांद्या आणतात, त्यातली ती पाती असावी. वाळून पार काळी झाली होती.

आज वाचत वाचत मंडळी त्या पातीपाशी येऊन पोचली होती. पुढची पानं बंद.

“इथंच का थांबले असतील?” भावेशनं विचारलं होतं. सहजच विचारलं होतं.

आणि लोटनला धरायला बुडत्याची मुळी सापडली.

“इथं का थांबले ते मला माहीत आहे,” तो म्हणाला. “मी होतो तिथं.”

“तुम्ही?” गुलाबसिंग म्हणाला. गुलाबसिंग तळोद्याहून वरच्या गावांना जीप चालवायचा आणि रविवारी बहिणीकडं इथं यायचा. “आजा, तुम्हांले जीपमा बसाडं का उलटी होस. तुम्ही कधी गेलतात वर?”

“तेव्हा जीप नव्हती, म्हणून तर गेलो.”

“गुलाबसिंग,” रमिलाबाई म्हणाल्या, “पुस्तक कुणाच्या हातात आहे?”

गुलाबसिंग मागं सरकला. खरं तर लोटननं तळोद्याच्या पुढं आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. डोंगर त्यानं लांबूनच पाहिले होते, निळे. पण आज सकाळपासून त्याला ते काळे दिसत होते. घरातून निघताना रुपा उपासनेला पुढं गेली, आणि जाता जाता दारातून म्हणाली, “आजा, निखारा राखेखाली ठेवलाय. आल्यावर फुंकर घातली की पेटेल.” रोजचंच बोलणं. गॅसची शेगडी होती घरात, पण भाकरी त्याला चुलीवरचीच लागायची. आज मात्र ते वाक्य त्याच्या छातीत येऊन बसलं ते उठेना. उद्यापासून निखारा कोण झाकणार, एवढंच त्याला दिसत होतं.

त्यानं पुस्तक मांडीवर ठेवलं, त्यावर दोन्ही पंजे ठेवले, आणि सुरू केलं.

“मी तेव्हा रुपाएवढा. वर डोंगरात एका झोपडीत आम्ही असेच जमायचो. हेच पुस्तक, हीच रीत. दिवस मावळायच्या सुमाराला बसायचो, कारण आधी लोक रानात. एक कंदील, तोही काजळलेला. पुस्तक या हातातून त्या हातात. माझ्या डाव्या अंगाला वाहरू, पलीकडं सेगीबाई, मग बाकीचे. आणि दाराजवळ वांती.”

“वांती कोण?” भावेशनं न राहवून विचारलं.

“खालून वर शिकवायला गेलेली पोरगी. हुशार. कुणाचं ऐकणारी नव्हती.” लोटननं रुपाकडं पाहिलं नाही. “घरी तिचा एक म्हातारा होता. त्याला टाकून गेली होती, पण म्हातारा हट्टी, तो तिच्या मागोमाग वर गेला आणि तिच्याच झोपडीत राहिला.”

रुपा ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. ती हसली असावी, किंवा नसावी. खिडकीतून उजेड तिच्या पाठीवर पडत होता, त्यामुळं चेहरा दिसत नव्हता.

“एक संध्याकाळ,” लोटन म्हणाला, आणि आवाज त्यानं इतका खाली आणला की गुलाबसिंग पुढं सरकला. “वाहरूनं वाचलं. तो थांबला. पुस्तक पुढं गेलं. आणि मग कुणीतरी वाचू लागलं. साधा आवाज. ना बाईचा, ना बाप्याचा. मला वाटलं सेगीबाई वाचतेय. सेगीबाईला वाटलं वाहरूच अजून वाचतोय. समोरच्यांना वाटलं मी. आम्ही सगळे मान खाली घालून ऐकत होतो, ऐकताना कोण कुणाकडं बघतो? वाचन संपलं. पुस्तक सेगीबाईच्या हातात आलं. तिनं ते घेतलं आणि किंचाळली नाही, काही नाही, नुसती म्हणाली, ‘वाहरू, तुझा हात ओला का रे?’

“वाहरू म्हणाला, ‘मी कधीच दिलं पुस्तक. तुलाच दिलं ना?’

“‘मला आत्ता मिळालं,’ सेगीबाई म्हणाली.

“मग आम्ही वर पाहिलं. वाहरू आणि सेगीबाई यांच्या मधे जागा होती. एक माणूस बसेल एवढी. आम्ही बसलो तेव्हा ती नव्हती. गुडघ्याला गुडघा लागला होता आमचा.”

रमिलाबाईंनी आपल्या आणि भावेशच्या मधे पाहिलं. भावेशनंही पाहिलं. मग दोघांनी न पाहिल्यासारखं केलं.

लोटनला बरं वाटलं. त्यानं पुस्तक उघडलं आणि पातीजवळचं पान सगळ्यांपुढं धरलं. पानाच्या कोपऱ्यात एक तपकिरी डाग होता, अंगठ्याएवढा.

“हा बघा. अजून आहे.”

“चहाचा असंल,” गुलाबसिंग म्हणाला, पण हळू आवाजात.

“चहा तिथं कुठला? जमिनीवर ओल होती. त्या मधल्या जागेवर. नदीतून कुणी तसंच उठून येऊन बसावं तशी. झोपडी डोंगराच्या माथ्यावर, नदी खाली कितीतरी कोस.”

बाहेर ऊन होतं ते आता गेलं होतं. आश्विनातली दुपार, भातं निसवलेली, आणि पश्चिमेकडून एकच ढग येऊन नेमका प्रार्थनाघरावर थांबला होता. पंखा आधीपासून कुरकुरत होता. तो दोनदा थबकला आणि बंद पडला. लाईट गेली. रविवारी लाईट जायचीच, त्यात नवल नव्हतं. पण पंखा थांबल्यावर जी शांतता आली ती मात्र लोटनलाही जरा जास्तच वाटली. पत्रा कडकड वाजला. ऊन गेलं की वाजतोच.

“काय वाचलं त्यानं?” रुपानं विचारलं.

पहिल्यांदाच बोलली. लोटन याच प्रश्नाची वाट पाहत होता, आणि प्रश्न आल्यावर त्याच्या लक्षात आलं की उत्तर आपण ठरवलेलंच नाही. तो ओल्या हातापाशीच रमला होता. आता काहीतरी हवं होतं, लगेच, आणि पुस्तकातल्यासारखं. त्यानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं सकाळचं दार आलं, दारातली रुपा आली. जे जवळ होतं तेच त्यानं उचललं.

“त्यानं वाचलं,” लोटन सावकाश म्हणाला, “‘हाक आली तेव्हा ती भातावर झाकण ठेवत होती. ती उठली. म्हाताऱ्याला म्हणाली, निखारा राखेखाली ठेवलाय, फुंकर घातली की पेटेल. मग तिनं उंबरठा ओलांडला. आणि ती परत आली नाही.’”

त्याचं त्यालाच ते वाक्य खरं वाटलं. रुपाचा हात ओढणीवर थांबला होता. तिनं ओळखलं होतं. ओळखू दे. ओळखावं म्हणूनच तर होतं.

“मग?” भावेश.

“मग आम्ही कंदील जवळ घेतला आणि पान पाहिलं. हे पान. यावर ते नव्हतं. मागच्या पानावर नव्हतं. पुढची पानं जोडलेली, आत्ता आहेत तशी. जे पुस्तकात नव्हतंच ते कुणीतरी पुस्तकातून वाचून गेलं होतं.”

“सैतान असेल,” भावेश म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात पास्टरपणा उरला नव्हता.

“वाहरू तेच म्हणाला. सेगीबाई म्हणाली देवदूत. त्यांचं भांडण लागलं. तुमच्यासारखीच चर्चा हो. हाक कुणाची आहे हे कसं ओळखायचं? चांगल्याची हाक आणि वाईटाची हाक कानाला एकसारखीच लागते. म्हणून तर आपले जुने लोक तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ देत नव्हते. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी आली तर माणसाची.”

इथं सगळेच जरा चुळबुळले. ही गोष्ट मंडळीत कुणी उघड बोलत नसे. जुन्या समजुती सोडल्या म्हणायचं, प्रार्थना करायची, आणि तरी दिवस मावळल्यावर अंगणातून एकदाच कुणी नाव घेतलं तर ओठ आपोआप मिटायचे. रमिलाबाईंचेही मिटायचे. मागं एका रविवारी त्यांनीच हा प्रश्न काढला होता: आपण पहिल्या हाकेला ओ न देणारी माणसं, आपल्याला पाचारण कळणार कसं? तेव्हा खूप वाद झाला. गुलाबसिंग म्हणाला होता, माझं पाचारण जीप. बाळंतीण बसली की मी खड्डे चुकवतो, तेवढीच माझी सेवा. आणि लोटननं, सगळं संपता संपता, एकच विचारलं होतं. येशूनं बोलावलं आणि ती कोळ्याची पोरं जाळी टाकून उठून गेली, ठीक. त्यांचा बाप नावेत राहिला ना? त्याचं पुढं काय झालं?  लोटननं ते थट्टेत विचारलं असं सगळ्यांना वाटलं. रुपाला तसं वाटलं नव्हतं, त्या दिवशी घरी तिनं भाताबरोबर उडदाची डाळ त्याच्या आवडीची, लसणाची फोडणी घालून केली होती.

“आम्ही भांडत होतो,” लोटन पुढं म्हणाला, “आणि बाहेर काळोख दाटला. आणि बाहेरून हाक आली. लांबून नाही, दारातूनच म्हणा. पोरीचं नाव घेऊन. एकदाच.”

“रुपा,” बाहेरून कुणीतरी म्हणालं.

साधा आवाज होता. ओरडून नाही. शेजारच्या घरातून मीठ मागायला आल्यासारखा. बाईचा की बाप्याचा, नंतर कुणालाच सांगता आलं नाही.

 गुलाबसिंगचा हात गळ्यातल्या क्रुसाकडं गेला आणि मधेच थांबला. रमिलाबाईंनी ओठ घट्ट मिटले. भावेशनं मिटले. लोटननं तर पुस्तकावरचे पंजे असे दाबले की बोटं पांढरी पडली. हे त्याच्या गोष्टीत होतं, पण हे त्यानं केलं नव्हतं. त्यानं कुणाला बाहेर उभं केलं नव्हतं. त्याची थाप दाराबाहेर गेली होती आणि तिथून परत हाका मारत होती.

ओ देऊ नको, त्यानं मनात म्हटलं. पोरी, ओ देऊ नको.

“ओ,” रुपा म्हणाली.

दुसरी हाक आली नाही. मग गुलाबसिंग उठला, डोंगरात जीप चालवणारा गडी म्हणून त्यालाच उठावं लागलं, आणि दारापर्यंत गेला. त्यानं उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. महूच्या झाडाखाली दोन शेळ्या. पलीकडं भाताचं शेत, वारा नसताना थोडं हललेलं. रस्ता खांडबाऱ्यापर्यंत रिकामा.

“कोणी नही शे,” तो म्हणाला आणि येऊन बसला. आधी बसला होता तिथं नाही, रमिलाबाईंच्या जवळ बसला.

“पोरंटोरं असतील,” भावेश म्हणाला.

“हो,” रमिलाबाई म्हणाल्या. “पोरंटोरंच.” आणि मग लोटनकडं वळून, “आजा, गोष्ट पुरी करा. पुस्तक तुमच्या हातात आहे.”

लोटनला आता गोष्ट नको होती. ती कुठंतरी टाकून, रुपाच्या दंडाला धरून घरी जावं, दार लावावं, निखाऱ्यावर फुंकर घालावी, असं त्याला झालं होतं. पण थाप अर्धी सोडणारा माणूस तो नव्हता. तोंड आपोआप चालू झालं.

“वांतीनं ओ दिली,” तो म्हणाला. “आम्ही सगळ्यांनी तिला खुणावलं, सेगीबाईनं तर तिच्या तोंडावर हात ठेवला. पण ती म्हणाली, मला बोलावलंय. ती उठली. वाटेत घरी थांबली, भातावर झाकण ठेवलं. म्हाताऱ्याला म्हणाली, निखारा राखेखाली आहे. जसं वाचलं होतं तसंच. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. आणि गेली. सकाळी आम्ही शोधलं. नदीच्या काठी तिच्या चपला, एकमेकींशेजारी, नीट, देवळात जाताना काढतात तशा. तिथं पाणी गुडघाभरसुद्धा नाही. ती परत आली नाही. म्हातारा निखारा राखत बसला, रोज राख सारायचा, रोज फुंकायचा, रोज झाकायचा. मेला तेव्हाही निखारा धगधगत होता म्हणतात. म्हणून आम्ही पाती इथं ठेवली आणि पुढं कापलं नाही. संपलं.”

गोष्ट संपली होती पण कुणी हुश्श केलं नाही. एरवी अशा वेळी गुलाबसिंगनं काहीतरी टोमणा मारला असता. तो आपल्या मांडीकडं बघत होता.

“पोरी,” रमिलाबाई मऊ आवाजात म्हणाल्या, “आज नाही सांगितलंस तरी चालेल.”

“पुस्तक माझ्याकडं यायचंय अजून,” रुपा म्हणाली.

तिनं हात पुढं केला. लोटनला द्यावंच लागलं. रीत होती ती. पुस्तक देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. तिचा हात कोरडा होता, कोमट होता, रोजचाच होता.

रुपानं पुस्तक उघडलं. काळी पाती उचलून बाजूला, चटईवर ठेवली.

“मावशी, सुरी द्या.”

रमिलाबाईंच्या पिशवीत भाजीची सुरी असायची. उपासनेनंतर खांडबाऱ्याच्या बाजारात जायचं असायचं, वांगी कापून बघितल्याशिवाय त्या घ्यायच्या नाहीत. त्यांनी सुरी काढली, पण दिली नाही.

“कापायचंच का?”

“पातीपर्यंत आलो ना आपण. आता सगळ्यांसमोरच कापायचं. हीच रीत आहे.”

“रुपा,” लोटन म्हणाला. “राहू दे ते. मी थट्टा केली.”

“थट्टा केली ना? मग काय आहे त्यात?”

रमिलाबाईंनी सुरी दिली आणि ती जोडलेल्या कडेत शिरली. जुना कागद, आवाज करत फाटला, खरखरीत, भाताच्या पेंढ्यावरून हात फिरवल्यासारखा. आत उजेड जाण्याची ही पहिलीच वेळ. दुमड उघडली तेव्हा पानातून थोडी पूड उडाली. वास आला, ओल्या मातीचा म्हणावा तर नाही, राखेचा म्हणावा तर आहे. रुपानं पान खिडकीकडं धरलं. ढग अजून तिथंच होता, तिला डोळे बारीक करावे लागले.

ती मनात वाचू लागली. मग थांबली. परत पहिल्यापासून वाचू लागली, आणि या वेळी मोठ्यानं.

“‘हाक आली,’” तिनं वाचलं, “‘तेव्हा ती भातावर झाकण ठेवत होती.’”

गुलाबसिंगनं मान वर केली.

“‘ती उठली. म्हाताऱ्याला म्हणाली, निखारा राखेखाली ठेवलाय...’”

“दाखव,” भावेश म्हणाला आणि गुडघ्यांवर सरकत तिच्यामागं गेला. त्यानं तिच्या खांद्यावरून पाहिलं.  मग तो मागं सरकून बसला.

 ते शब्द लोटनचे होते. गोष्ट म्हणून ते दुपारपर्यंत जगात कुठं नव्हते. त्यानं ते सकाळच्या दारातून उचलले होते, रुपाच्या तोंडातून, आणि थापेत घातले होते. बंद पानांत ते कसे असतील? ही पानं छापली तेव्हा रुपा नव्हती, रुपाचा बाप नव्हता, कदाचित लोटनही नव्हता. आयुष्यभर त्यानं नसलेलं आहे म्हणून सांगितलं होतं. असलेलं नाही म्हणून सांगण्याची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली, आणि ते त्याला जमेना.

“‘...फुंकर घातली की पेटेल,’” रुपानं वाचलं. “‘मग तिनं उंबरठा ओलांडला.’”

इथं पान संपत होतं. पुढची ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर होती, दुसऱ्या दुमडीत, आणि ती दुमड अजून जोडलेली होती. लोटनला ती ओळ माहीत होती. ती त्यानंच तर सांगितली होती. त्यानं रमिलाबाईंच्या हाताकडं पाहिलं, पण सुरी रुपाकडं होती.

“नको,” तो म्हणाला. हा शब्द मात्र त्यानं कुणासाठी सजवला नव्हता.

रुपानं कापलं.

तिनं ती ओळ मनात वाचली आणि कितीतरी वेळ पानाकडं पाहत राहिली. महूखालच्या शेळ्या कशालातरी बिचकून उठल्या, त्यांच्या गळ्यातल्या घंट्या वाजल्या, थांबल्या.

“गुलाबसिंगदादा,” ती वर न बघता म्हणाली, “उद्या तळोद्याहून वर जाणारी पहिली जीप तुमचीच ना?”

“मन्हीच,” गुलाबसिंग म्हणाला. “सकाळी.”

“एक जागा ठेवा.”

लोटननं डोळे मिटून घेतले. मग तिनं ती ओळ मोठ्यानं वाचली, सगळ्यांसाठी, रीतीप्रमाणं.

“‘आणि निखारा विझायच्या आत ती परत आली.’”

तिनं पुस्तक मिटलं नाही. तसंच उघडं, लोटनच्या मांडीवर ठेवलं, त्या ओळीवर बोट ठेवून.

“आजा,” ती म्हणाली, “शेवट तेवढा तुम्ही खोटा सांगितलात.”